अर्धीच सांगितलेली खुर्ची

थोरल्या सुनेच्या मनात दिराबद्दल अढी बसली ती एका पाळण्यावरून.

सासऱ्यांचा लहान मुलांच्या फर्निचरचा कारखाना होता. ती डिझाइन करायची, दीर विक्री बघायचा. दर सोमवारी सगळे मिळून नव्या कल्पना काढायला बसत. दीर फळ्यापाशी उभा राहून म्हणायचा, "सुचेल ते बोला. वेडंवाकडंही चालेल. इथे कुणी कुणाला हसणार नाही." मग रंगारीण काही बोलायची, सुतार त्याला शेपूट जोडायचा, आणि बघता बघता फळा भरायचा. अशाच एका बैठकीत थोरलीने पाळणा सुचवला, पुढे त्याचाच पलंग होणारा. त्याला बक्षीस मिळालं, तेव्हा दीर स्टेजवरून म्हणाला, "हे मला अर्धवट झोपेत सुचलं."

तिने घरी तोंड उघडलं, तर सासरे म्हणाले, "सूनबाई, घरचं माणूस वर चढलं की पोटात दुखू देऊ नये."

 ती रडली नाही. तिने वाट बघायची ठरवली.

मोठमोठ्या दुकानांची मालकीण कारखान्यात यायची होती, त्या सकाळीही बैठक बसली. दीर घायकुतीला आला होता. "काहीतरी झकास हवंय. बोला, बोला!"

सुतार म्हणाला, "मुलं वाढतात, खुर्ची तेवढीच राहते."

"मग खुर्चीच वाढू दे की," रंगारीण म्हणाली.

थोरली सावकाश म्हणाली, "वाढेल. स्क्रू नको, पाना नको. आई एका हाताने उंच करेल."

"वा, वहिनी!" दिराचे डोळे चमकले. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. फोन घेऊन बाहेर पळाला. तो अर्ध्यातच उठणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुतार तिच्याकडे बघत राहिला. "ताई, पण कशी?" "आत्ता नाही," ती म्हणाली.

दुपारी दिराने मालकिणीपुढे खुर्ची अशी रंगवली की सासऱ्यांची छाती फुगली. "कल्पना माझीच," तो म्हणाला.

"छान. पण उंच होते कशी?" मालकिणीने विचारलं.

दीर हसला. मग स्प्रिंग म्हणाला. मग खाचा म्हणाला. मालकिणीने प्रत्येक वेळी विचारलं, "आणि मुलाचं बोट अडकलं तर?" त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्याने थोरलीकडे पाहिलं. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि शांतपणे प्यायली.

"सूनबाई, तुम्हाला काही माहीत आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"ज्यांना सुचलं त्यांनाच विचारा, मामंजी."

मालकीण पर्स उचलून निघून गेली.

घरी नवरा भडकला. "माहीत असून गप्प बसलीस? बाबांचं नाक कापलंस!"

"त्यांनी ते तुझ्या भावाच्या तोंडावर बसवलं होतं. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः तिच्या टेबलापाशी आले. तिने सांगितलं, पण सगळ्यांना गोळा करून, दिराला पुढे बसवून. एक वर-खाली उघडं चौकोनी खोकं घेतलं, आत बसायची फळी मधोमध न ठेवता जरा खालच्या बाजूला बसवली. खोकं उलटं केलं की फळी उंच. एवढंच. सुतार खो खो हसला. सासऱ्यांनी मालकिणीला फोन लावला आणि सर्वांदेखत म्हणाले, "कल्पना आमच्या थोरल्या सूनबाईंची. पाळणाही त्यांचाच होता." दिराची मान वर झाली नाही. थोरलीने त्याच्यावरची नजर हटवली नाही. तो क्षण तिला पुरेपूर चाखायचा होता.

पुढच्या सोमवारी बैठक चालवायला तीच उभी राहिली. "बोला," ती म्हणाली. कुणी बोलेना. रंगारीण नखं बघत बसली. सुताराला काहीतरी सुचलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्याने एकदा तिच्याकडे, एकदा दिराकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. राखून ठेवायला सगळे तिच्याकडूनच शिकले होते.

तिला ते कळलं. तरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या दिराकडे नजर गेली, आणि आतून गारेगार वाटलं.