बारमाही

माझी नणंद गोजर सत्तावीस वर्षांची, उंचीने माझ्या खांद्याला. तिला कधी कावळा शिवलाच नाही, म्हणून डोळखांबच्या बाया तिला बारमाही म्हणायच्या, न आटणाऱ्या विहिरीसारखी. आम्ही महिन्याचे चार दिवस अंगणात बसायचो आणि गोजर राबायची. गावदेवीचा नैवेद्य तर तिनेच शिजवायचा. ती थट्टा होती, पण मानही होता. घरात तिला दुसरा मान नव्हता, हे मी स्पष्टच सांगते.

सुगीत भाताची पेंढी आपटताना तिचं मनगट मोडलं. शहापूरच्या डॉक्टरांनी ठाण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "हिच्यात जन्मापासून एक गुणसूत्र कमी आहे. मूल होणार नाही. पण हाडं आत्ताच म्हातारीसारखी झालीत. गोळ्या घ्याव्या लागतील, हृदयही तपासत राहायचं. गोळ्यांनी पाळी येईल."

एसटीत गोजर एवढंच म्हणाली, "वयनी, मंग नैवेद्य कोन करील?"

सासूबाईंनीही तेच विचारलं. "हाडां काय, जुळतील. देवी कोपली तं?"

गोळ्या फडताळात पडून राहिल्या. मी येता-जाता फडताळ उघडायचे. पाकीट कधी हललेलं वाटे, कधी नाही. गोजरला विचारलं तर म्हणे, "बघू." माझा जीव नुसता टांगणीला. मी भांडी आपटली, नवऱ्यावर उगाच खेकसले. उद्या हंडा उचलताना हिची कंबर मोडली, तर देवी येणार होती का उचलायला?

चैत्रात जत्रेच्या सकाळी चूल पेटलीच नाही. गोजर अंगणात, माझ्या नेहमीच्या दगडावर बसली होती.

"आये, मला कावला शिवला. चार दिवस हाक मारू नको."

सासूबाई उंबऱ्यात थबकल्या. माझ्याकडे बघितलं, मी मान फिरवली. मग त्या दुखरे गुडघे धरत स्वतःच चुलीपुढे बसल्या. नैवेद्य झाला, देवीला गेला. दुपारी लेकीचं ताट घेऊन त्या अंगणात आल्या आणि वाकल्या.

"वरून वाढ, आये, शिवशील," गोजर म्हणाली, अगदी आम्हाला बजावायची तशी.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं आणि तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं.

"दुखतंय का गो अजून?"

"थोडा."

"गोली चुकवू नको."

एवढं बोलून त्या उठल्या आणि न कुरकुरता दुसऱ्यांदा आंघोळीला गेल्या.