गुरुवारची बाटली

त्या गुरुवारी संध्याकाळी मंजुळेला मिळायचं होतं ते एवढंच: एक बाटली, पाऊण तास आणि मागच्या दाराची पायरी. त्याच्या बदल्यात तिने आठवडाभर काय दिलं होतं, तेही मांडून ठेवू. विहिरीवरून रोज नऊ हंडे पाणी. होडी लागली की ओल्या जवळ्याच्या, त्या बारीक कोळंबीच्या, पाट्या डोक्यावरून खळ्यापर्यंत. तिथे तो पसरायचा, हलवायचा, कावळे हाकायचे, सुकला की भरायचा. एक दिवसाआड बोईसरचा बाजार. दोन वेळची चूल, नवऱ्याची कंबर चेपणं, मुलाचे कारखान्यातून तेल पिऊन आलेले कपडे. एवढ्याला एक बाटली म्हणजे सौदा तोट्याचाच. पण मंजुळेने कधी घासाघीस केली नाही. देणारी तीच आणि घेणारीही तीच.

उलथण्याच्या टोकाने तिने पत्र्याचं बूच उचकटलं. फस्स झालं. स्टीलच्या पेल्यात फेस चढला. पहिला घोट घशाखाली उतरतो आहे तोच मागून आवाज आला.

"काय पितेस गो?"

गुरुवारी तिचा नवरा पुंडलिक भजनाला जाई आणि दिवेलागणीनंतर बराच वेळ येत नसे. भजन तासाभराचं, बाकीचा वेळ ताडीचा. पण त्या दिवशी पेटीवाल्याला ताप आला होता.

"किराईत," मंजुळा म्हणाली. अगदीच खोटं नव्हतं. कडवटपणासाठी ती किराईतच घालत असे.

"किराइताला फेस येतो?" त्याने पेला हातातून घेतला, हुंगला, घोट घेतला. मग मोठा घोट घेतला. "ही बियर हाय! कुठशी आणलीस?"

"आणली नाय. केली."

"कोणी?"

"मी."

"लाज नाय वाटत? बाईमाणूस घरात बसून पितेस!" एवढं बोलेपर्यंत त्याने पेला संपवला होता.

"तुमी ताडी पिऊन येता तवा मी लाज इचारली?"

"ताडी झाडाची असते. देवाने दिलेली."

"मग नाचणी काय भुताने दिली?"

पुंडलिकने उरलेली बाटली पेल्यात ओतली. लाजेचा विषय तिथेच मिटला. "आनि हाय?" त्याने विचारलं.

मंजुळेचा पहिला तोटा तो. पुढच्या सगळ्या तोट्यांच्या मानाने अगदी किरकोळ.

ही विद्या तिच्याकडे आली कशी? दहा-बारा वर्षांपूर्वी अणुकेंद्र बांधायला गोरे साहेब आले आणि किनाऱ्यालगतच्या बंगल्यांतून राहिले, तेव्हा मंजुळा एका मडमेकडे धुणीभांडी करायची. मार्थाबाय म्हणायची तिला. ती बाई घरीच बादलीत बियर करी. शनिवारी कपड्यांच्या इस्त्रीचा शेवटचा ढीग संपला की ती दोन खुर्च्या ओढे, दोन पेले भरे आणि मंजुळेला शेजारी बसवी. बोलणं फारसं होत नसे, कारण एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. दोघी समुद्राकडे तोंड करून पाय लांब सोडून बसत. काम झालं, एवढंच त्या पेल्यात असे. आयुष्यात मंजुळेला कोणी कामानंतर खुर्ची दिली असेल तर ती तेवढीच.

मडम गेली तेव्हा बुचं ठोकायचं यंत्र आणि डबाभर बुचं देऊन गेली. हजारेक असावीत. आठवड्याला एक, या हिशोबाने मंजुळेची साठी निघाली असती. मडम डब्यातून येणारा विलायती माल वापरे; तो कुठे मिळणार? मंजुळेने नाचणीला मोड आणले, तव्यावर भाजले, दळले, उकळले. गूळ घातला, किराईत घातलं, बोईसरच्या बेकरीतून खमीर मागून आणलं. चार वेळा फसलं. पाचव्यांदा मार्थाबाय शेजारी बसल्यासारखी वाटली. दहा दिवस बादलीत, मग तीन आठवडे बाटलीत, थंड वाळूत पुरून. एका खेपेला पाच बाटल्या. म्हणजे महिना निघाला.

पुंडलिकने वाळूतून तीन बाटल्या उकरून काढल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर बोईसरला धाडल्या. त्याचं डोकं समुद्रावर जेमतेम चाले, जमिनीवर मात्र झपाट्याने चालत असे. हरेश्वर बावीस वर्षांचा होता आणि बोईसरच्या एका कारखान्यात तीन वर्षं हंगामी होता. सहा महिने काम, मग बसवायचे, मग परत घ्यायचे. कोणाला कायम करायचं ती यादी सुपरवायझर करी.

हरेश्वर हसत परत आला. "आये, साहेब काय बोलला म्हायताय? 'ये तो विलायती से भी बढ़िया है. और लाना.'"

"बघ," पुंडलिक म्हणाला. "मी बोललो नव्हतो?"

"बनवली कोणी ते सांगितलंस?" मंजुळेने विचारलं.

हरेश्वर चाचरला. "बाबा बनवतात, असं बोललो. बायकांनी केलेली कळलं तर बरं दिसत नाय."

एकाऐवजी दोन बादल्या झाल्या. मार्च-एप्रिलात सोळा बाटल्या गेल्या. नाचणी भाजायची तीच, बाटल्या गरम राखेने घासायची तीच, बुचं ठोकायची तीच. नऊ हंड्यांचे अकरा हंडे झाले. ज्या बाटलीने तिचा शिणवटा जायचा, तीच आता शिणवू लागली. आणि गुरुवारी पुंडलिक भजनाला गेल्यावर ती पायरीवर बसे ती रिकाम्या हाताने.

"आठवड्याची माजी एक ठेवा," ती एकदा म्हणाली. "बाकीच्या न्या सगळ्या."

"पोरगा कायम होतोय नि तुला घोट आठवतो?" पुंडलिक म्हणाला. "कसली आई गो तू!"

पुढच्या खेपेला सरपणामागे तिने एक बाटली लपवली. ती नवऱ्याला सापडली नाही. मुलाला सापडली. शनिवारी सकाळी हरेश्वर ती हातात धरून उभा राहिला.

"आये, आठ सांगितल्यात. सातच भरतात."

"ती माजी हाय."

"यादी लागली ना, की तुला दुकानातली आणून देईन. थंडगार. सील लावलेली."

तो मनापासून बोलत होता. म्हणूनच तिला नाही म्हणता आलं नाही. बापाने मागितली असती तर तिने बाटली दगडावर आपटली असती.

मे महिन्यात सुपरवायझरच्या मुलीचा साखरपुडा ठरला. त्याने चोवीस बाटल्या सांगितल्या, पंधरा दिवसांत. यादी एक जूनला लागायची होती.

"पंधरा दिवसांत होत नाय," मंजुळा म्हणाली. "बादलीत पुरती बसली नाय नि बूच मारलं तर आत वारा कोंडतो."

"गूळ जास्ती घाल. लवकर चढेल."

"लवकर फुटेल."

"तू मार गो बुचं. पुढचं मी बघतो."

नवव्या दिवशी, वाढवलेला गूळ बादलीत अजून बुडबुडत असतानाच, तिने चोवीस बुचं ठोकली, बाटल्या मागच्या सावलीत ओल्या वाळूत पुरल्या आणि बजावलं, "हात लावू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उचलून ती बाजाराला गेली.

पुंडलिकच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट माहीत होती: कुठलीही वस्तू तयार करायची तर ऊन द्यायचं. बोंबील उन्हात होतो. जवळा उन्हात होतो. खारं, मांदेली, सगळं उन्हात होतं. दोन दिवसांत होणारी वस्तू सावलीत तीन आठवडे कुजवायची हा त्याला बायकी आळस वाटला. त्याने चोवीसच्या चोवीस बाटल्या उकरल्या, खळ्यावर नेल्या आणि जवळ्याच्या पथाऱ्यांमधल्या मोकळ्या वाळूत ओळीने आडव्या मांडल्या. दहाच्या सुमाराला त्याने सगळ्या बाटल्यांची कूस बदलली. मासळी परततात तशी. दोन्ही अंगांनी सारखी व्हावी म्हणून.

पहिली साडेअकराला फुटली. पलीकडे सावलीत बसलेल्या साखरबाईला वाटलं, कोणाच्या वरातीचा फटाका. दुसरी, तिसरी लगोलग फुटली आणि मग एकीने दुसरीला उठवावं तशा एकूण पंधरा बाटल्या गेल्या. कुत्री खाडीकडे पळाली. कावळे उडाले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. मे महिन्याचा जवळा, पावसाळ्याची बेगमी, तीन घरांची आणि चौथी मंजुळेची. त्यातल्या दुसऱ्यांच्या तिन्ही पथाऱ्या बाटल्यांना लागून होत्या. सुकलेला जवळा उन्हात चकाकतो. काचही चकाकते.

मंजुळा आली तेव्हा खळ्याच्या कडेला बायका उभ्या होत्या. पुंडलिक नव्हता. वाचलेल्या नऊ बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तो सायकलवरून बोईसरला गेला होता. एवढी हिंमत त्याने समुद्रात कधी दाखवली नव्हती.

"तुजा घो काचा पेरून गेला गो मंजुळे!" साखरबाई ओरडली. "आता आमी पावसात काय खायचं? तुजी दारू?"

नलू, शेजारची तरणी सून, जवळ्यात हात घालून बसली होती. तिने हात वर केला तर बोटातून रक्त येत होतं. "एवढा एवढा जवळा," ती म्हणाली, "याच्यातून काय काय येचू मी?"

मंजुळेने पाटी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसून वेचायला लागली. कोणी तिला थांबवलंही नाही आणि कोणी मदतीलाही आलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी देवळात जमातीची बैठक बसली. पुरुष पुढे, बायका मागे, मंजुळा मध्ये उभी.

"बाटल्या कोणाच्या?" प्रमुखाने विचारलं.

"बनवते ती," पुंडलिक म्हणाला. "माजा कदी हात लागला नाय त्या कामाला."

शब्दापुरतं हे खरं होतं. कुठल्याच कामाला त्याचा हात लागत नसे, म्हणून तर सगळे हसले.

"काय गो? तू बनवतेस?"

मंजुळेने पाहिलं. खांबाला टेकून हरेश्वर उभा होता. यादीला चार दिवस होते. नवऱ्याने बाटल्या घाईने उन्हात का मांडल्या हे सांगावं, तर त्या कोणासाठी होत्या हेही विचारलं गेलं असतं, आणि पुढच्याच रांगेत पोलीसपाटील पान लावत बसला होता. चोरून केलेल्या दारूत सुपरवायझरचं नाव आलं असतं तर यादीतलं नाव आपोआप गेलं असतं. हरेश्वर तिच्याकडे बघत नव्हता. तो देवळाच्या वाशांकडे बघत होता, जणू ते मोजायचं काम त्याला दिलं होतं.

"हां," मंजुळा म्हणाली. "माज्याच."

"एवढ्या कशाला लागतात गो तुला?"

"तहान मोठी हाय तिची!" मागून एक बाई म्हणाली.

"आठवड्याला एकच घेत होते मी," मंजुळा म्हणाली.

त्या बैठकीत जेवढं बोललं गेलं त्यात हे एकच वाक्य पुरतं खरं होतं, आणि त्यालाच सगळ्यांत मोठा हशा पडला.

निवाडा झाला. तिन्ही घरांचा जेवढा जवळा नासला तेवढा मंजुळेने आपल्या कोरड्या साठ्यातून मापून द्यायचा आणि काच मिसळलेला तिने उचलून न्यायचा. बादल्या आणि यंत्र खाडीत टाकायचं. पुंडलिकने बायकोवर धाक ठेवला नाही म्हणून देवाला एक नारळ. पुंडलिकने तो तिथल्या तिथे फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. मंजुळेच्याही.

एक जूनला यादी लागली. हरेश्वर कायम झाला. पेढे घेऊन आला, आईच्या पाया पडला, आणि जुलैत बोईसरला दोघांत एक खोली घेऊन राहायला गेला. रविवारी यायचा. एका रविवारी म्हणाला, "साहेब इचारत होता, बाबांनी बंद का केली?"

"मग काय सांगितलंस?" मंजुळेने विचारलं.

"वय झालं, बोललो."

दुकानातली सील लावलेली बाटली त्याने आणली नाही. विसरला असेल. तिनेही आठवण केली नाही. गुरुवारी पुंडलिक भजनाला गेला की ती जवळा निवडायला बसे.

कारण काचेचा जवळा तिने टाकला नव्हता. तो टाकला असता तर घरात पावसाळ्याला काहीच उरलं नसतं. चांगल्यातला फक्त एक डबा शिल्लक होता. त्या डब्यातलं पुंडलिकला आणि रविवारी हरेश्वरला. स्वतःसाठी ती त्या दुसऱ्यातला मूठभर घेई, तीन पाण्यांतून काढी, तळाचं पाणी अंगणाच्या कोपऱ्यात ओती आणि वेगळ्या तव्यावर परती. जेवताना हळू चावे. पुंडलिक एकदा म्हणालाही, "दात दुकतात काय गो तुजे?"

आता हिशोब पुरा करू. अठ्ठावीस बाटल्या सुपरवायझरकडे गेल्या. नोकरी हरेश्वरला मिळाली. तीन घरांना मापाने जवळा मिळाला, वर चार दाणे जास्तच. देवाला नारळ मिळाला. काचा त्या पावसाळ्यात तीन निघाल्या, एक जूनअखेर आणि दोन ऑगस्टात. तिन्ही मंजुळेच्या ताटात. प्रत्येक वेळी तिने ती जिभेच्या टोकाने पुढे आणली, दोन बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवली, आणि उरलेला भात संपवला.