पिंपळपानाचं अक्षर

माहा भाऊ श्रावण मास्तर हाय, अन् मास्तर मानूस आपली चूक कबूल करत नसते, हे पह्यलेच सांगून ठेवते.

माह्या ललिताचा बाप, जानराव, अकोल्यात आरामशीनवर होता. सेमाडोहकडचा सागवान तिथं चिरला जाये. उरलेले तुकडे तो घरी आने अन् पटाशीनं कोरत बसे. छप्पनसाली आमी बुद्धाचा धर्म घेतला, देव सोडले. दुसऱ्या वर्षी वस्तीनं मोठी सभा ठेवली, तर पोस्टरबी मोठं पायजे. छापखान्यातली शिशाची अक्षरं बोटाएवढी. वीतभर अक्षर लाकडाचंच लागते. हा म्हने, "मी कोरतो."

काय अक्षर कोरलं बाप्पा! जाडजूड, आखाड्यातल्या पैलवानावानी. अन् हर अक्षराच्या पोटात एक पिंपळाचं पान, देठासकट. पान खोल खोदलेलं, म्हनून त्याले शाई लागे नाई. काळ्या अक्षरात ते पांढरं उमटे. सारं उलटं कोरा लागे, मंग छापल्यावर सुलटं. मी जवसाचं तेल लावून देत जाऊ. 'ध' कोरून झाला त्या दिवशी हा जेवलाच नाई, नुसता त्याच्याकडं पाहात बसला.

पोस्टर लागलं तर लोक चालता चालता थांबत. ज्या म्हाताऱ्याईले वाचता येत नव्हतं, ते पानावर बोट ठेवून म्हनत, "हे आपलं हाय."

छापखान्याचे मालक केशवराव. ते म्हनले होते, पोस्टर फुकट छापून देतो, अक्षरं माह्याकडं राहू द्या. हाव कोन म्हनलं? श्रावण, मंडळाचा कारभार त्याच्याकडं. ललिताच्या बापाले कोनं इचारलंबी नाई, अन् सभेचं काम म्हनून त्यानंबी अक्षरं देऊन टाकली.

मंग काय! सर्कस आली, तेच अक्षर. सिनेमा, दंतमंजन, सरकीचं बियाणं, तेच अक्षर. याले बरंच वाटे. मूर्तिजापूरच्या स्टेशनावर दंतमंजनाच्या जाहिरातीपुढं असा उभा राह्यला का गाडी सुटाले आली. मी दंड धरून ओढला.

बासष्टसाली देवीच्या जत्रेचं पोस्टर लागलं. अक्षरा-अक्षरात आमचं पान. वस्तीत कल्ला झाला, अन् श्रावण चारचौघात म्हने, "भाऊजीनं पान देवीले वाह्यलं." हा तसाच छापखान्यात गेला. केशवराव हासले. "पिंपळ काय तुमचा एकट्याचा हाय का जानराव? आमच्या घरच्या बाया त्याले रोज पानी घालतात." हा वापस आला अन् भिंतीकडं तोंड करून झोपला.

मंग त्यानं तशीच नवी अक्षरं, पानासकट, कोराले घेतली. सहासष्टसाली दहाव्या वर्षाची सभा होती, तिच्या पोस्टरासाठी. चार वर्षं कोरलं. डोळ्याईले पानी लागलं, तरी कोरलं. मले म्हने, "एकदा वस्तीच्या भिंतीवर लागू दे सुंदरा, मंग मी पटाशी ठेवून देतो." दुसरं काईच मागनं नव्हतं त्याचं.

अक्षराईची पेटी घेऊन वस्तीच्या मंडळापुढं गेला. श्रावण म्हने, "भाऊजी, अक्षर लय सुंदर हाय. पन हे पाह्यलं का लोकाईले जत्राच आठवते. आपल्याले चालत नाई."

माह्यानं राह्यवलं नाई. "काहून रे? या अक्षरानं अजून एक कागद छापला नाई. सौदा तुवा केला अन् भोगावं यानं? चोर सोडून संन्याशाले फाशी!"

"बाई, तू मंधात बोलू नको."

यानं मात्र खालच्या आवाजात इचारलं, "पान काढलं तर?"

"मंग पाहू," श्रावण म्हने.

आता खोदलेलं पान कसं काढता? यानं लाकडाचा भुसा सरसात कालवला अन् एक एक पान बुजवलं. काचकागदानं घासलं. बोट फिरवलं तर सपाट, कुठं काई लागे नाई. आमी दोघंबी खुश झालो. छापखान्यात जाऊन एक कागद उमटवून आनला, तर अक्षराच्या पोटात पान! भुसा शाई पिऊन गेलता. पह्यले पांढरं होतं, आता राखाडी झालं, पन देठासकट सारं दिसे. मी त्या कागदाले शिव्या देल्ल्या अन् रडली.

श्रावणनं पाह्यलं न पाह्यलं, नाई म्हनून मान हालवली. पोस्टर नागपूरहून आलं, साध्या अक्षरात. लोकाईनं वाचलं, पुढं गेले. थांबलं कोनी नाई.

सभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी यानं पेटी डोक्शावर घेतली. म्या वाट अडवली, "कुठं चालले?" मले बाजूले सारून निंघाला. पेटी केशवरावच्या टेबलावर ठेवून देल्ली. "कुठंबी लावा," एवढंच म्हनला म्हने.

जत्रेचं पोस्टर आमच्याच घरासमोरच्या भिंतीवर लागलं. नवी अक्षरं, राखाडी पानं. हा उंबऱ्यात बसून होता. श्रावण शाळेत जाताना सायकलवरून उतरला.

"चार वर्षामांगं म्या म्हनलं होतं ना भाऊजी, तुमी पान देवीले वाह्यलं?"

"हाव. तू म्हनला होता."

तवा ते खोटं होतं. आता आमीच खरं करून देल्लं.