निळ्या रंगाचे पाच हात

मित्रांनो, संगीताने माणसाचे दुःख हलके होते असे थोर लोक सांगतात, आणि मी त्याच संगीताचे साधन आहे. आजवर माझ्यातून एकही सूर निघालेला नाही. मी घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारचे नुसते धड आहे. मान नाही, तारा नाहीत. मुरुडच्या कोळीवाड्यात एका खिळ्याला टांगलेली असते.

पूर्वी मी सागवानी होडीची फळी होते. ज्यांच्या घरात मी आता आहे, त्या भागोजींनीच ती होडी बांधलेली. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि भागोजींना कोणी बोलावेनासे झाले. होडी मोडीत निघाली तेव्हा त्यांनी मला घरी आणून खाटेखाली ठेवले. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

त्यांची मुलगी प्राप्ती अलिबागला कॉलेजात शिकते. तिने मोबाइलमध्ये बघून कागदावर गिटारचा आकार काढला आणि म्हणाली, "बाबा, हे तुम्ही कापा."

भागोजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तरी करवत रेघ सोडून गेली नाही. मग रंधा, कानस, पॉलिशपेपर. इतक्या मायेने मला समुद्रानेसुद्धा घासले नव्हते. भागोजींची बायको सखुबाई मासे साफ करता करता म्हणाली, "हिच्यात बसून पोरगी जंजिऱ्याला जानार हाय काय?"

"तू नको बसू. बुडंल ती," भागोजी म्हणाले.

भागोजींचे काम सुटल्यापासून चार वर्षांनी त्या घरात कोणीतरी हसले.

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात तीन खण लागतात. तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकांसाठी दोन, बटणांसाठी एक. ते मशीनवर खणावे लागतात म्हणून प्राप्ती मला अलिबागच्या एका फर्निचरवाल्याकडे घेऊन गेली. परत आणल्यावर "आता फक्त रंग द्या, बाबा," एवढे सांगून ती परीक्षेसाठी एसटी धरायला पळाली. खणांविषयी बोलायचे राहून गेले.

भागोजींचा हात माझ्यावरून फिरता फिरता थांबला. चाळीस वर्षे त्यांनी लाकडातले प्रत्येक भोक बुजवले होते. त्यांच्या धंद्यात एक भोक राहिले तर माणूस घरी येत नाही.

"पोखरून ठेवलंय गं मेल्यानं! आनि आपली पोरगी भिडस्त. एक शबुद बोलली न्हाय."

"फोन करून इचारा तिला."

"नको. परीक्षा हाय. तिला वाईट वाटंल. मी करतो सारखं."

आठ दिवस त्यांनी खणांत लांबी, म्हणजे भोके बुजवायचा लगदा, भरली, घासली, पुन्हा भरली. वर होडीचा निळा रंग दिला, त्याचे पाच हात. माझे खण कुठे होते ते मलाही सापडेना.

प्राप्ती आली तेव्हा भागोजी मला धरून दारातच उभे होते. तिने मला घेतले आणि पुढून-मागून चाचपले. तिची बोटे खण शोधत होती.

"खड्डे मारलेले ना कोनी, ते बुजवले. कळतंय का कुठं?"

"नाही, बाबा. अजिबात नाही."

"मग वाजव की एकदा."

"तारा यायच्या आहेत."

तारा कपाटात होत्या. मानही होती, चुंबकही होते.

पुढे पाच महिने त्या तारा येत राहिल्या. भागोजींनी साऱ्या आळीला सांगून ठेवले होते की हे त्यांचे शेवटचे काम, आणि ते वाजणार आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशनसुद्धा त्यांनी "एकदा ऐकलं की मग" म्हणून पुढे ढकलले. प्राप्ती दर शनिवारी घरी यायची, वडिलांचे तोंड बघायची आणि तारांवर खापर फोडायची. मार्गशीर्षात भागोजी झोपाळ्यावर बसल्या जागी गेले.

दिवसकार्य झाल्यावर प्राप्तीने आईला खरे सांगितले. सखुबाईने माझ्यावरून हात फिरवला.

"सांगायचंस की गं त्यांना."

"त्यांना वाईट वाटलं असतं."

सखुबाई मला रोज पदराने पुसते. प्राप्ती मला हात लावत नाही. रंगाला ओरखडा निघेल म्हणते.

मित्रांनो, आपल्या माणसांची मने जपा, असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. जपाच. पण ती जपताना त्यांना काय हवे होते तेही एकदा विचारून घ्या. आम्हा वस्तूंना सगळे कळते, सांगता मात्र काही येत नाही. तुम्हाला येते.

लांबी भरलेले तीन खण पटाशीने पुन्हा मोकळे करायला भागोजींना अर्धा तास लागला असता.