टपालाच्या पिशवीची किल्ली

माझी लविनिया मावशी सोफ्यावर आडवी पडून माणसं मारते. पाठीचं दुखणं आहे तिला, म्हणून ती डोळे मिटून कादंबरी सांगते आणि शाळेतून आले की मी लिहून घेते. आजवर तीन नवरे, एक वकील आणि दोन जुळी बाळं माझ्या हातून गेली आहेत. जुळ्यांच्या वेळी मी रडले, तर मावशी म्हणाली, "थर्झा, शाई फिसकटतेय."

तिची कादंबरी दर महिन्याला मासिकात येते आणि अर्धं इंग्लंड ती वाचतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाहीये. (थोडी बढाई आहे.) जानेवारीच्या अंकात आमची नायिका नवऱ्याने दिलेलं औषध पिते आणि पेल्याच्या तळाशी तिला पांढरा साका दिसतो. तिथेच आम्ही प्रकरण तोडलं. तोडायची जागा मी सुचवली होती!

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी पेन्सिलीने लिहिलेलं एक पत्र आलं.

"बाईसाहेब, तुमची नायिका मीच आहे. रोज चार वाजता माझे यजमान स्वतःच्या हाताने मला औषध देतात. ते सुरू झाल्यापासून माझे तळहात जळतात, केस मुठीमुठीने गळतात. तिने पुढे काय केलं, तेवढं मला सांगा. घरी मात्र पत्र पाठवू नका. मार्चच्या अंकात 'वाचकांस उत्तरे'मध्ये प्रिम्रोज या नावाने दोन ओळी छापा. तोवर मी टिकेन. खोटं वाटू नये म्हणून खरं नाव-गाव देते." खाली सही होती : युनिस थॉर्नकॉम्ब, हॅलोकोट. म्हणजे आमच्यापासून दोनच स्टेशनं.

"अशी चार पत्रं दर महिन्याला येतात," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "माझ्यापायी निम्म्या बायकांना आपला चहा कडू लागायला लागलाय."

"पण मावशी, केस गळण्याचं आपण कुठे लिहिलं होतं?"

मावशीने पाठीखालची उशी सरकवली. "एप्रिलच्या अंकात उत्तर देऊ."

"एप्रिल! तोवर तिला पुरतील!"

"मार्चचा अंक छापखान्यात गेलाय, बये. मी काय करू? आणि तू निबंधात पहिली आलीस म्हणून जगाचा कारभार तुझ्याकडे आलेला नाही."

मला तेच तर वाटत होतं. त्या रात्री मी माझ्या सर्वांत वळणदार अक्षरात मिसेस थॉर्नकॉम्बना लिहिलं की औषध पिऊ नका, प्यायल्याचं नाटक करा, खिडकीतल्या कुंडीत ओता आणि आमच्याकडे निघून या. वर 'खासगी' असं लिहून दोनदा रेघ ओढली आणि लाखेचं सील लावलं. घरी पत्र पाठवू नका असं तिने का लिहिलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो झटकला. माझं पत्र आजवर कुणी उघडलं नव्हतं. मावशी विधवा. आमच्या घरात टपालाच्या कुलूपबंद पिशवीची किल्ली खिशात घेऊन फिरणारा, सगळ्यांची पत्रं आधी स्वतः उघडणारा पुरुषच नव्हता.

शुक्रवारी उत्तर आलं. अक्षर माझ्याहूनही वळणदार होतं.

"आपले पत्र मी न्याहारीच्या वेळी पत्नीस मोठ्याने वाचून दाखविले. तिची फार करमणूक झाली. तिच्या खोलीतून कुंडी हलविली आहे. आपला नम्र, जोसाया थॉर्नकॉम्ब."

मावशीने ते दोनदा वाचलं. मी सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सोफ्यावरून उठली आणि म्हणाली, "माझे बूट आण."

शनिवारी दुपारी आम्ही हॅलोकोटला पोहोचलो. मिस्टर थॉर्नकॉम्ब गोरेगोमटे आणि भारी अदबीचे निघाले.

"एवढ्या मोठ्या लेखिकेचे पाय आमच्या घराला लागले! पण युनिसला बरं नाही हो. आत्ताच डोळा लागलाय."

"थांबते की," मावशी म्हणाली. "पाठ मोडून इथवर आलेय, आता लगेच उठवत नाही."

तास गेला. जिन्यावर पावलं वाजली. कठडा धरून एक बाई खाली आली. घरातसुद्धा तिच्या हातात मोजे होते. डोक्यावरची टोपी तिने कानांपर्यंत ओढली होती.

"युनिस," तो गोड आवाजात म्हणाला, "या बाईंना तू पत्र लिहिलंस म्हणे?"

"मी? नाही हो. मी कादंबऱ्या वाचत नाही." ती हे सगळं गालिच्याला सांगत होती.

"ऐकलंत?" तो माझ्याकडे बघून हसला.

घड्याळात चारचे ठोके पडले. त्याने कपाटातली बाटली काढली, पेल्यात थेंब मोजले, पाणी घातलं, ढवळलं. "घे पाहू. शहाणी ना माझी ती!"

तिने हात पुढे केला. औषध ओतायला कुंडीसुद्धा मी तिला उरू दिली नव्हती. आता तिने तो पेला घेतला असता आणि आम्ही 'येतो' म्हणून निघालो असतो. मी उठले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. तिच्या आधी मी पेला घेतला.

"मला फार तहान लागलीये," म्हणाले आणि ओठाला लावला.

"थर्झा!" मावशी किंचाळली.

त्याच्या हाताचा फटका माझ्या मनगटावर बसला आणि पेला शेगडीच्या कठड्यावर फुटला.

"दुसऱ्याचं औषध पिऊ नये, बाळ," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ होता. पण मिसेस थॉर्नकॉम्ब पहिल्यांदाच मान वर करून बघत होती, आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"मुली," ती मला म्हणाली, "वरच्या खोलीत माझा बाहेर जायचा झगा आहे, तेवढा आणतेस?"

"युनिस, खाली बस."

ती बसली नाही.

फाटकापर्यंत तो आम्हाला पोचवायला आला. टोपीसुद्धा उचलली. "न्या खुशाल. कायद्याने ती माझी आहे. सोमवारी येतो न्यायला."

"चहालाच या," मावशी म्हणाली. "डॉक्टरांनाही बोलावते."

आज रविवार. मावशी पुन्हा सोफ्यावर आडवी आहे, पण डोळे उघडे ठेवून. रस्त्यावर एखादी बग्गी मंदावली की आम्ही तिघी बोलायच्या थांबतो. दुपारी मटण होतं. मिसेस थॉर्नकॉम्बने ताटाला हात लावला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं. तिच्याच ताटातला पहिला घास मी घेतला. तो गळ्याखाली उतरेपर्यंत ती थांबली, मग आणखी थोडी थांबली, आणि जेवली.