चंद्रीच्या मुक्कामाचे कुंपण

घोडी न बांधता उघड्या माळावर कशी राखतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

मी ते राखणारे झटक्याचे कुंपण बोलत आहे. आठ हलके खुंट, दोन पांढऱ्या पट्ट्या, त्यांत विणलेली बारीक तार आणि जेवणाच्या डब्याएवढे एक यंत्र, एवढाच माझा देह. यंत्र बॅटरीवर चाले. क्षणाक्षणाला टक् असा आवाज होई आणि पट्टीतून झटका धावे. तो चटका देई. इजा करीत नसे.

ठाण्यात खोपटच्या आगाराजवळील एका दुकानातून धाकूने मला घेतले आणि मोहने या आपल्या गावी आणले. त्याच्याकडे वरातीची घोडी होती, चंद्री. लगीनसराईत तो तिला घेऊन खडवलीकडच्या गावांत पायी फिरे. मुक्कामी तिचे पाय दोरखंडाने बांधावे लागत. त्या दोरांचे वळ त्याला पाहवेनात, म्हणून मी आले.

पहिल्या दिवशी अंगणात मला उभे करून त्याने एकवीरेचे नाव घेतले आणि तळहात पट्टीवर ठेवला. तो हातभर उडाला.

"लग्नात नाचला नव्हतात एवढे!" त्याची पत्नी शेवंती पदर तोंडाला लावून म्हणाली.

"हस तू. तिला द्यायचा झटका आधी मला कळाया नको?"

पुढे हा त्याचा नेमच झाला. मुक्काम कुठलाही असो, आधी त्याचा हात, मग चंद्री.

ते उन्हाळे मला फार आठवतात. नदीकाठी करंजाची सावली असे. आत सोडली की चंद्री प्रथम मनसोक्त लोळे, मग अंग झाडून चरू लागे. दोनदा चटका बसल्यावर तिने पट्टीला पुन्हा तोंड लावले नाही. एकदा एका म्हातारीने विचारले, "एवढ्याशा फितीत घोडी ऱ्हाते?"

"ऱ्हाते, आजी," धाकू म्हणाला. "माणूसच ऱ्हात नाही."

चौथ्या उन्हाळ्यात चंद्रीबरोबर तिचे दोन महिन्यांचे शिंगरू होते. खडवलीच्या मुक्कामी, भर दुपारी, वरातीची वेळ ठरवण्यासाठी धाकू नवरदेवाच्या घरी निघाला. राखणीला त्याचा भाचा दिपेश होता. वरातीत फेटा बांधून, लगाम धरून पुढे चालण्याचा मान त्याचा. त्या मानाचा त्याला गर्व होता.

"बॅटरीला हात लावू नको. शिंगरू अजून शिकलेलं नाही."

"मामा, मी काय आज आलोय काय?"

धाकू वळणाआड जाताच दिपेशने माझी बॅटरी काढून स्पीकरला जोडली. मोबाइलवर क्रिकेटचा सामना होता. माझी टकटक थांबली.

शिंगरू खालच्या पट्टीखालून सहज बाहेर पडले आणि रस्त्याकडे गेले. चंद्री धावत पट्टीपाशी आली आणि थांबली. माझ्यात काही उरले नव्हते, तरी तिने माझा मान राखला. ती आतूनच खिंकाळत राहिली. स्पीकरपुढे ते दिपेशला ऐकू गेले नाही. रस्त्याने डंपर येत होता.

धाकू परतला तेव्हा दिपेशने तारा पूर्ववत जोडल्या होत्या.

"कुंपण चालूच होतं, मामा. एकवीरेची शपथ!"

धाकूने तळहात पट्टीवर ठेवला. बॅटरी पार उतरली होती. त्याने हात तसाच राहू दिला.

"माझा हात पट्टीवरच आहे, दिपेश," तो म्हणाला. "आईचं नाव कशाला घेतलंस?"

शिंगराला करंजाखाली पुरले. चंद्री महिनाभर वैरणीला धड तोंड लावीना. त्या हंगामात तिच्यावर कुणीच बसले नाही. मोहन्याच्या पडवीत मी आता खुंटीवर गुंडाळलेले आहे. धाकूने मला पुन्हा उभे केले नाही. चंद्री म्हातारी झाली, मोकळीच हिंडते. माझे मागणे थोडे आहे: मुका जीव ज्याच्या हवाली केला, त्याने तेवढा वेळ दुसरे काही करू नये. देव खोट्या शपथेलाही साक्षी असतो.

त्या हंगामात वरात ठरलेली अकरा घरे उरली होती. घोडी का येणार नाही, हे दिपेशने प्रत्येक उंबऱ्यावर स्वतःच्या तोंडाने सांगावे, असे धाकूने ठरवले. तो गेला आणि अकराही घरी खरे बोलला. ती गोष्ट टिटवाळ्यापर्यंत पोहोचली. कुणाही घोडीवाल्याने त्याच्या हाती पुन्हा लगाम दिला नाही. आज तो दुसऱ्यांच्या वरातीत, सर्वांच्या मागे, जनरेटरची गाडी ढकलतो.