ठोसे खाल्ले मी, नाव झालं हिरोचं

मित्रांनो, नाकाला रुमाल लावूनच जवळ या, कारण मी एक जुनं हेडगार्ड आहे. बॉक्सिंगच्या सरावात डोक्यावर चढवतात ते. वरून चामडं, आत स्पंज, हनुवटीखाली पट्टा. कारखान्यातून निघालं तेव्हा मी लालभडक होतं. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. कितीतरी डोक्यांचा घाम माझ्यात मुरला आहे आणि मला पुसून ठेवायचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत.

माझं काम मार खाण्याचं. भुवई फुटू नये, कान चेपू नये, एवढंच मी बघतं. कवटीच्या आत जे हलतं, ते मला थांबवता येत नाही. हे मला कोणी विचारत नाही, म्हणून मीही सांगत बसत नाही.

माझ्यात शिकलेल्यांपैकी एकच शेवटपर्यंत टिकला. त्याला सगळे शिंपी म्हणत, कारण तो कधी तुटून पडायचा नाही. टाका घालावा तसा एकेक ठोसा एकाच जागी घालायचा. खऱ्या सामन्यात मी नसतं, तिथे डोकं उघडंच. वर्षानुवर्षं तसं खेळून त्याचं नाक पार बसलं होतं, पण समोरच्याचा खांदा हलला की ठोसा ओळखायचा, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं.

मग आला हिरो. मालिकेत बॉक्सरचं काम करून स्वारीच्या डोक्यात हवा गेली होती. त्याने शिंप्यालाच जाहीर आव्हान दिलं. त्याचे सगळे व्यवहार त्याची मोठी बहीण, ताई, बघायची. तिने नवंकोरं हेडगार्ड आणलं होतं, पण फोटोवाला म्हणाला, "ते जुनं घाला, जास्त खरं वाटेल." असं माझं नशीब फळफळलं.

सरावाला येणाऱ्या पोरांना ताईची तंबी होती: हळू मारायचं, आणि तेही हेडगार्डवरच. पोरं मला थापट्या मारत आणि हिरो फुशारत. "मला लागतच नाही रे! डोकं आहे की दगड?" कोच सर मान डोलवत. मला तर हसू आवरायचं नाही. लागत मला होतं आणि पाठ थोपटली जात होती त्याची.

एकदा शिंपी सराव बघायला आला. सगळं बघून झाल्यावर त्याने कोच सरांना बाजूला घेतलं.

"सर, हा त्या हेडगार्डशिवाय खेळलाय का कधी?"

"नाही."

"मग एकदा काढा ते. माझा एक ठोसा खाऊ दे त्याला इथेच. मग खेळायचं की नाही, ते ठरवू दे त्याचं त्याला."

ताईच्या कानावर ते गेलंच. "वेड लागलंय का? तोंड सुजलं तर शूटिंगचं काय? तुम्ही सामन्यात सांभाळून घ्या म्हणजे झालं."

"घेईन," शिंपी म्हणाला. "पण त्यालाही सांभाळून राहायला सांगा."

तसं कोणी सांगितलं नाही.

सामन्याच्या दिवशी ताई मला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. नंतर फोटोसाठी मी लागणार होतं. सुरुवातीला शिंप्याने शब्द पाळला. अगदी लाडाने मारत होता म्हणा ना. हिरोला वाटलं, म्हातारा संपला. घंटा वाजली, शिंपी पाठ फिरवून आपल्या कोपऱ्याकडे निघाला आणि हिरोने मागून त्याच्या कानावर ठोसा लगावला. लोक खदाखदा हसले. पंचांनी नुसताच दम भरला. शिंप्याने कान चोळला आणि पुढच्या फेरीत शिवणकाम सुरू केलं.

पहिलाच ठोसा कानशिलावर बसला. हिरोला दुखण्याआधी नवल वाटलं. त्याने ग्लोव्हजसकट हात डोक्याकडे नेला. मित्रांनो, तो मला चाचपत होता. मी होतं ताईच्या मांडीवर.

मग दुसरा, तिसरा, त्याच जागी. कोच सरांनी टॉवेल उचलला. तो रिंगमध्ये फेकला की सामना थांबतो. पण त्यांनी आधी ताईकडे बघितलं.

"ही फेरी तरी संपू दे!" ताई ओरडली. "लोक काय म्हणतील?"

सरांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. पडताना हिरोने हातसुद्धा टेकले नाहीत. जमिनीवर डोकं आपटल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. शिंपी गुडघ्यावर बसून त्याची मान सरळ धरत होता आणि लोक अजून टाळ्या वाजवत होते.

मित्रांनो, आता मी म्हणावं, माझी काळजी घ्या. नका घेऊ. मी फाटलं तर बाजारात दुसरं मिळेल. एवढंच करा, जो तुम्हाला हळू मारतो, त्याला एकदा विचारा की बाबा, हळू का मारतोस?

हल्ली मी ताईच्या घरी असतं. हिरोच्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. पण तो चालता चालता कोलमडतो, म्हणून डॉक्टरांनी डोक्याला काहीतरी जाड घालायला सांगितलं आहे. रोज सकाळी ताई त्याच्या हनुवटीखाली माझा पट्टा बांधते. पट्टा बांधला की तो मुठी वर धरतो.

"ताई, सामना आज ना?"

"हो रे राजा. संध्याकाळी."

"शिंप्याला सांग, घाबरू नकोस म्हणावं. मी हळू मारीन."